आहार आणि भटकंतीच्या पुस्तकांकडे नव्याने वळताना
ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व घेतलेच आहे, तर सुरुवात प्रवासवर्णनांपासून करावी, असे मी सुचवीन. वरसईच्या गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ प्रथम घ्या. घरचे कर्ज फिटावे म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या बंडात सापडतो आणि झाशीचा वेढा आतून पाहतो, तेव्हा हौसेने केलेल्या साहसाची वर्णने काहीशी फिकी वाटू लागतात. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ तिच्यातील वाटी-चमच्याच्या मापांसाठी सावकाश चाळावी. भुकेल्या पोटी मात्र नको. आहारशास्त्राच्या पुस्तकात आधी आवृत्तीचे वर्ष आणि संदर्भसूची पाहावी, आणि एकाच पदार्थाने मधुमेह बरा करण्याचे आश्वासन देणारे पुस्तक, छपाई कितीही देखणी असली तरी, निःसंकोच परत कपाटात ठेवावे.