लिलावात घेतलेल्या शक्तिमान ट्रकचा लष्करी हिरवा रंग आणि बाणाचा नंबर ठाण्यात ठेवता येईल का?

नाही, रस्त्यावर चालवायचा असेल तर दोन्ही ठेवता येणार नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना; वर टोक असलेला बाण आणि खरेदीच्या सालाचे दोन आकडे ही पाटीही लष्कराचीच. ठाणे आरटीओत नेण्याआधी रंग बदला. पण त्याआधी रंगाखाली दडलेल्या जुन्या लष्करी खुणा शोधाच, त्या पुन्हा मिळत नाहीत. ६०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) साबणाच्या पाण्यात भिजवून दारावर हलक्या हाताने गोल फिरवा, खालच्या खुणेचा पांढरा रंग दिसला की थांबा आणि फोटो काढा. रंग काढायचा रिमूव्हर नको, सगळे थर एकदम सुटतात. मूळ छटा डॅशबोर्डमागच्या, ऊन न लागलेल्या पत्र्यावर सापडेल. आधी कुणी पत्र्यापर्यंत घासून रंगवला असेल, तर मात्र काही हाती लागणार नाही.