पोरगा पंधराचा, बोट नवी आणि हातात बारा शनिवार

"ताई, आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो. मुलगा १५ वर्षांचा, मुलगी ९. या वर्षी नवऱ्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून एक जुनी पॉन्टून बोट, म्हणजे नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट, घेतलीये, मिनेटोंका नावाच्या तळ्यावर ठेवलीये. घेताना सगळे म्हणाले मुलांसोबत वेळ मिळेल, पण मुलाला वेळच नाहीये. सकाळी साडेसहाला क्रॉस कंट्रीची प्रॅक्टिस, आठवड्यातून तीन दिवस आइस्क्रीमच्या दुकानात जॉब, ड्रायव्हिंगचे क्लास, ऑगस्टमध्ये मार्चिंग बँडचा कॅम्प, आणि मंडळाच्या ढोलपथकाचा सराव नेमका शनिवारी संध्याकाळी. ओढून बोटीवर नेला की इयरफोन घालून कोपऱ्यात बसतो, मग नवरा चिडतो. जूनमध्ये कोल्हापूरहून सासूबाई येतायत, त्यांना पाण्याची भीती. खरं सांगू का, मलाही पोहता येत नाही. काय करू?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिनेसोटात आम्हाला वीसेक वर्षं झाली, मुलांचे असे उन्हाळे आमच्या घरातही होऊन गेलेत, त्यामुळे त्या कोपऱ्यातल्या इयरफोनचं मला फार कळतं. आणि सरळच सांगते, मुलाचं बोटीशी वाकडं नाहीये. त्याचं दिवसभरात जे जे चालतं त्यात कुठे ना कुठे त्याच्यावाचून अडतं. तो आला नाही तर दुकानात एक माणूस कमी पडतो, बँडमध्ये एक वाद्य कमी पडतं, पथकात त्याच्या जागेचा ढोल गप्प राहतो. बोटीवर मात्र तो नसला तरी काही अडत नाही, तिथे त्याला फक्त बसायचंय, सनस्क्रीन लावून घ्यायचंय आणि काकांच्या गप्पा ऐकायच्यात. पंधराव्या वर्षी याचा कंटाळा येतोच हो. म्हणून त्याला बोटीवर खरं काम द्या, खेळातलं नको, ज्याच्याशिवाय बोट डॉकवरून सुटणारच नाही असं काम.

याची सुरुवात कायद्यानेच सोपी करून दिलीये. मिनेसोटात १ जुलै २०२५ पासून मोटरबोट चालवायला परमिट लागतं, आणि ते वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने लागू होतंय. पहिल्या टप्प्यात ३० जून २००४ नंतर जन्मलेले, २०२६ च्या जुलैपासून ३० जून २००० नंतरचे, असं करत २०२८ पर्यंत ३० जून १९८७ नंतर जन्मलेले सगळे त्यात येणार. म्हणजे तुमच्या मुलाला परमिट हवंच. वयाच्या १२ व्या वर्षापासून ते काढता येतं, कोर्स ऑनलाइन असतो आणि शेवटी परीक्षा. तुम्ही दोघं ८७ च्या आधीचे असाल तर कायद्याने सुटता, पण माझं ऐका, सुटू नका. तुम्ही, नवरा आणि मुलगा, तिघांनी एकाच आठवड्यात तो कोर्स करा, रात्री जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर बसून. समोरून बोट आली तर कुणी कुणाला वाट द्यायची, पाण्यात तरंगणाऱ्या लाल आणि हिरव्या खुणांचा, म्हणजे बॉयांचा, अर्थ काय, हे मुलगा तुमच्याआधी पाठ करेल आणि तुम्हाला शिकवेल, आणि शिकवताना त्याचा चेहरा बघा.

मग त्याच्या नावावर कामं लावा. निघायच्या आधी लाइफ जॅकेटं मोजणं त्याचं, पेट्रोल बघणं त्याचं, हवामान बघून आज जायचं की नाही हे ठरवण्यात त्याचं मत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण गडगडाट ऐकू आला की काठाला यायचं हा इथला नियम, आणि मोठी माणसं "अजून पाच मिनिटं" करत बसतात. तो म्हणाला परत फिरू या, तर फिरायचं, वाद घालायचा नाही. बोट ट्रेलरवर काढाल तेव्हा ड्रेन प्लग काढून पाणी सोडणं आणि तळाला चिकटलेलं गवत काढणं हेही त्याच्याकडेच द्या. मिनेटोंकात २०१० पासून झेब्रा मसल नावाचे ते बारीक शिंपले आहेत, ते बोटीबरोबर दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून प्लग काढूनच रस्त्यावर यायचं असा इथे कायदा आहे. तळी सांभाळायची असतात हे आपल्या मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं असं माझं मत आहे.

आता पाण्याचं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या लोकांची गंमतीच्या भरात होणारी चूक मी स्वतः पाहिलीये. आमचं पहिलं किंवा दुसरं वर्ष, मे अखेरचा मेमोरियल डेचा वीकेंड, चार मराठी कुटुंबांनी मिळून एक पॉन्टून भाड्याने घेतली. छान ऊन, हवा ८० फॅरनहाइट (२७ सेल्सिअस), डब्यात बटाटेवडे, आणि सगळ्यांची जॅकेटं सीटखाली. वाऱ्याने माझ्या नवऱ्याची टोपी उडाली. तो पट्टीचा पोहणारा, वाईला पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकलेला, त्याने विचारही केला नाही, घेतली उडी. पाणी ६० च्या (१५-१६ सेल्सिअस) आसपास असेल. तो वर आला तो तोंड उघडं आणि आवाज नाही. हात हलतायत पण पुढे सरकत नाहीये. आम्ही सगळे हसतोय, आम्हाला वाटलं मस्करी करतोय. माझी मुलगी तेव्हा चौदाची होती, तिने स्विमिंगच्या क्लासमध्ये हे शिकलं होतं, ती ओरडली की इंजिन बंद करा, आणि बुडणाऱ्याकडे फेकायची ती तरंगणारी चौकोनी गादी त्याच्या हाताशी टाकली. मग त्याला शिडीपर्यंत ओढलं. सगळं मिळून दोन मिनिटं असतील. त्या दिवशी परत येताना कुणी वडा खाल्ला नाही.

गार पाण्यात असंच होतं. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, त्याच वेळी तोंडात पाणी गेलं की संपलं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, मग बोटं वळत नाहीत. थंडीने बेशुद्ध पडायला तासभरही लागू शकतो, पण अंगात जॅकेट नसेल तर तिथपर्यंत माणूस पोचतच नाही. कृष्णेत, पंचगंगेत, विहिरीत शिकलेलं पोहणं खरं असतं, पण ते कोमट पाण्यातलं असतं. हे तुमच्या नवऱ्याला आणि त्या दोन मित्रांना वाचून दाखवा. आणि बुडणारा माणूस हाका मारत नाही, हात वर करून हलवत नाही, तो गप्प असतो, तोंड पाण्याच्या रेषेला, म्हणून पाण्यात कुणी असलं की एका मोठ्या माणसाने दुसरं काही न करता फक्त बघत राहायचं, पाळी लावून.

जॅकेटचा कायदा १० वर्षांखालच्या मुलांना बोट चालू असताना घालायलाच लावतो, म्हणजे तुमच्या मुलीला सक्ती आहे. मोठ्यांसाठी बोटीवर माणशी एक असलं की कायदा समाधानी. मी नाही. अमेरिकन कोस्ट गार्डचा २०२३ चा अहवाल सांगतो की बोटीच्या अपघातात बुडून गेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्या माणसाला घालता येत नाही. आणि घरात आई घालते, बाबा घालत नाहीत असं असेल तर पंधरा वर्षांचा मुलगा बाबांचंच बघणार. माप बघायची साधी पद्धत म्हणजे बकलं लावायची आणि दुसऱ्याने खांद्याजवळून जॅकेट वर ओढायचं, ते हनुवटीच्या वर, कानापर्यंत आलं तर मोठं होतंय. मुलीला "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेऊ नका, स्वेटर घेताना चालतं ते इथे नाही चालत.

पॉन्टूनवर अजून दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पुढचं दार बोट चालू असताना बंद, आणि त्याच्या पुढे पाय सोडून कुणीही बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. तिथून पडलेला माणूस सरळ बोटीखाली आणि इंजिनाच्या पंख्याकडे जातो. मागच्या शिडीपाशी मुलं डुंबत असतील तर इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल नको, धुराचा वास येत नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो. आणि बिअर. तिघं मित्र आहेत म्हणून बोलते, इथे पिऊन बोट चालवणं गाडी पिऊन चालवण्यासारखाच गुन्हा आहे. चालवणारा परत येईपर्यंत काही घेणार नाही, हे तिघांनी आधीच बोलून ठेवा.

आता मुलाचं कॅलेंडर. ते तुम्ही भरू नका, त्याला भरू द्या. शाळा जूनच्या सुरुवातीला संपते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेनंतर सुरू होते, म्हणजे बारा-तेरा शनिवार-रविवार मिळतात, त्यातले दोन कॅम्पमध्ये गेले, एखादा पावसाने गेला, लग्न-वाढदिवसात अजून दोन. फ्रिजवर मोठा कागद लावा, त्याचे जॉबचे तास, प्रॅक्टिस सगळं त्याच्या हाताने लिहू दे, मग त्यालाच विचारा की बोटीचे सहा दिवस कुठले. सहा पुरे. दर आठवड्याला ओढून नेण्यापेक्षा सहा वेळा तो मनाने आलेला बरा. त्यातल्या दोनदा त्याचा एखादा मित्र येऊ दे, मग तो अमेरिकन असो की मराठी, डबा तुम्ही नेहमीचाच द्या, थालीपीठ आवडीने खातात पोरं. आणि कागदावर एक पूर्ण रिकामा आठवडा ठेवा, ज्यात कुणी काही लावायचं नाही, कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेचा क्लाससुद्धा नाही. मला माहितीये या वाक्यावर तुमच्या पोटात गोळा येईल, शेजारची मुलं कुठे कुठे जातायत हे डोळ्यासमोर येईल. तरी ठेवा. सकाळी साडेसहाला उठणाऱ्या मुलाला झोप हवी असते, आणि त्या आठवड्यातच तो तुमच्याशी आपणहून काहीतरी बोलेल.

ड्रायव्हिंगचाही यात उपयोग करून घ्या. गाडीचं परमिट मिळालं की इथे मोठ्या माणसाबरोबर ५० तास चालवायचं असतं, त्यातले १५ रात्रीचे, पालकांनी त्यांचा क्लास केला तर एकूण ४० वर भागतं. बोटीपर्यंत जायचं-यायचं त्याला चालवू दे, शेजारी बाबा. गाडीत समोर बघत बोललेलं मुलांना सोपं जातं, चेहऱ्याकडे बघावं लागत नाही ना.

ढोलाचा सराव सोडायला लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. परदेशात वाढलेला मुलगा स्वतःहून शनिवारची संध्याकाळ गणपतीच्या तयारीला देतोय, ही फार मोठी गोष्ट आहे. बोट रविवारी सकाळी लवकर न्या. मिनेटोंकावर शनिवारी दुपारी बोटींची नुसती गर्दी असते, लाटांवर लाटा, नवशिक्याला काही सुचत नाही. रविवारी आठला पाणी शांत असतं. १६ वर्षांखालच्या मुलांना इथे मासे पकडायला लायसन्स लागत नाही, म्हणजे त्याचं हे शेवटचं फुकटचं वर्ष आहे, गळ टाकू दे.

तुमचं पोहणं याच उन्हाळ्यात सुरू करा. वायएमसीएमध्ये मोठ्यांचे क्लास असतात, माझ्या ओळखीची एक मैत्रीण पन्नाशीत शिकली. लाज वाटते म्हणाल तर पहिले दोन तास वाटते. तुम्ही शिकताय हे मुलीला दिसू दे.

सासूबाईंचं शेवटी लिहितेय पण त्यांना शेवटी ठेवू नका. रंकाळ्याच्या काठावर जन्म काढलेल्या बाईला पाणी माहीत असतं, पाण्यात जाणं माहीत नसतं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल, त्यामुळे त्यांची भीती खोटी नाहीये, तिला हसू नका. साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला सांगा, भिजलेली साडी पायात गुंडाळते. पहिल्या दिवशी बोट सुरूच करायची नाही. डॉकला बांधलेल्या बोटीवर त्यांना बसवा, थर्मासमधून चहा द्या, आणि त्यांच्या मापाचं जॅकेट नातवाला घालू दे, खांद्याजवळ ओढून बघू दे. घरी जायचंय म्हणाल्या तर घरी. चला म्हणाल्या तर जवळच्या शांत खाडीपर्यंत, हळू, स्टीअरिंगवर नातू आणि शेजारी त्याचे बाबा, अर्ध्या तासात परत.