कॉरिडॉरमध्ये जमीन जातेय आणि आत्या सही करत नाहीयेत

पनवेल तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय की विरार-अलिबाग कॉरिडॉरमध्ये त्यांच्या 38 गुंठ्यांपैकी मधलेच 26 गुंठे जातायत, संमतीचा फॉर्म आलाय पण सातबाऱ्यावर दोन आत्यांची नावं आहेत आणि त्या सही द्यायला तयार नाहीत. शिवाय रस्त्याच्या मधोमध मेट्रोसाठी जागा ठेवलीय, ती झालीच नाही तर तेवढी जमीन परत मिळेल का?

मेट्रोचं आधी सांगतो, कारण गावात सगळे याच आशेवर बसलेत. विसरा. न वापरलेली जमीन पाच वर्षांनी परत देण्याचं कलम 101 हे 2013 च्या भूसंपादन कायद्यात आहे, आणि त्यातही जमीन मूळ मालकाला द्यायची की सरकारच्या लँड बँकेत, म्हणजे सरकारकडच्या जमिनीच्या साठ्यात ठेवायची हे सरकारच ठरवतं. तुमचं संपादन चाललंय महाराष्ट्र महामार्ग कायदा 1955 खाली, आणि त्याला 2013 चा कायदा फक्त भरपाई आणि पुनर्वसनापुरता लागतो. शिवाय हा सुमारे 126 किलोमीटरचा पट्टा पहिल्यापासून रस्ता आणि मेट्रो एकत्र असाच आखलाय, त्यामुळे मेट्रोच्या जागेचे वेगळे पैसेही नाहीत.

आता आत्या. राग मानू नका, पण त्यांचं बरोबर आहे. आजोबांच्या जमिनीत मुलींचा हिस्सा आहेच, आणि मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या विनिता शर्मा निकालानंतर तर त्यावर वाद घालण्यात अर्थच नाही. "लग्नात दिलं की सगळं" हे कोर्टात चालत नाही हो! त्यांच्याकडून हक्कसोड मागत बसण्यापेक्षा हिस्से कागदावर लिहा, पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात जाऊ द्या, सही आपोआप येईल. थेट वाटाघाटीने जमीन देणाऱ्याला 25 टक्के जादा द्यायचं सरकारी धोरण आहे, ते भांडणात घालवू नका, कारण हिश्श्याचा वाद राहिला तर रक्कम कोर्टात जमा होते आणि मग तारखा.

पण संमतीवर सही करायच्या आधी दराचा हिशोब लेखी मागा, गुणक (बाजारभावाला ज्या आकड्याने गुणतात तो) किती धरला, गेल्या तीन वर्षांचे कुठले खरेदीखत धरले, 100 टक्के दिलासा रक्कम (सोलेशियम, म्हणजे भरपाईवर मिळणारी तेवढीच जादा रक्कम) त्यात धरलीय का. एकदा संमती दिली की दर वाढवून मागायचा रस्ता जवळपास बंद.

आणि तुम्ही जे विचारलंच नाही ते, उरलेले 12 गुंठे! एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला सात, आणि हा ॲक्सेस कंट्रोल्ड रस्ता, म्हणजे मधून ओलांडून जाता येणार नाही. तुकडा पडल्याचं नुकसान भरपाईत धरायची तरतूद 2013 च्या कायद्याच्या कलम 28 मध्ये आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, तेव्हा प्रांत ऑफिसला आत्ताच अर्ज द्या, एकतर उरलेले तुकडेही घ्या नाहीतर नुकसान धरा आणि वाट द्या, आणि पोच घ्या. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा, विहीर, बोअर, आंब्याची झाडं, शेड सगळं पंचनाम्यात आलंय का बघा, काही सुटलं असेल तर सही करताना खाली "हरकत राखून" लिहा आणि फोटो काढून ठेवा.