जपानी घरात राहायला जाण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

जपानमध्ये यजमान कुटुंबात राहून शाळेत शिकायला तुझी निवड झाली आणि कुटुंबही ठरलं, हे ऐकून फार आनंद झाला. भाषेची तयारी तू करतच आहेस, म्हणून मी घरातल्या गोष्टींबद्दल लिहितो. शाळेत चुकलं तर शिक्षक सांगतात. घरात बहुधा कुणी सांगत नाही. तुझ्यामुळे अडचण होत असली तरी यजमान आई 'दाइजोबु' (काही हरकत नाही) म्हणून हसेल. तेव्हा विचारायचं काम तुझं.

पहिल्याच आठवड्यात विचारून घे: अंघोळीला माझा नंबर कितवा, मळके कपडे कुठे टाकायचे, संध्याकाळी किती वाजेपर्यंत घरी यायचं, कुठला कचरा कुठल्या वारी. "काही मदत करू का?" असं मोघम विचारलंस तर "नको"च ऐकायला मिळेल. "भांडी मी पुसू का?" असं नेमकं विचार.

सगळ्यात जास्त घोटाळा अंघोळीत होतो. अंग टबमध्ये धुवायचं नसतं. बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण, शाम्पू सगळं उरकायचं, फेस पूर्ण घालवायचा, लांब केस वर बांधायचे आणि मगच टबमध्ये उतरायचं. पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. सवय होईपर्यंत पाच-दहा मिनिटं पुरे. निघताना बूच काढू नकोस. त्याच पाण्यात घरातले बाकीचे बसणार असतात, आणि बऱ्याच घरांत उरलेलं पाणी कपडे धुवायला वापरतात. टबवर झाकण मात्र आठवणीनं ठेव, नाहीतर पुढच्या माणसाला पाणी पुन्हा तापवावं लागतं.

शाकाहारी असशील तर "मांस खात नाही" एवढं कळवून भागणार नाही. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा या सगळ्यांत दाशी म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असते, आणि ती बहुतेक वेळा वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाची असते. कोम्बु या समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमचीही करता येते, पण ते त्यांना आधी माहीत हवं. मासे, माशाचा अर्क, कोंबडी, हॅम, अंडी यांतलं काय चालतं, काय नाही, ते एकेक नाव घेऊन निघण्यापूर्वीच लेखी कळव. दाशी चालवून घ्यायची की नाही, हे घरच्यांशी बोलून इथेच ठरव. तिथे गेल्यावर दर महिन्याला नियम बदलले की स्वयंपाक करणारीचे हाल होतात. शाळेतून आल्यावर डबा लगेच काढून स्वतः धू. रात्रभर दप्तरात राहिलेला डबा तिला पहाटे सापडणं फार वाईट.

सामानाचं थोडक्यात: तिथे वीज १०० व्होल्ट आणि पिना दोन चपट्या, त्यामुळे फोनचा चार्जर अडॅप्टर लावून चालेल, इथला मिक्सर नाही. स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत. ताजी फळं आणि कढीपत्ताही नेऊ नकोस.

तिथे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच. रोज त्याच वेळी खोलीचं दार लावून आईशी बोलत बसलास किंवा बसलीस, तर घरातली सगळ्यात मोकळी वेळ हातची जाते. हिवाळ्यात बऱ्याच घरांत एकच खोली गरम ठेवतात आणि सगळे तिथेच बसतात. गृहपाठ तिथेच कर, बोलणं अडखळत का होईना होतं. घरी फोन रविवारी.

एवढं करूनही नाहीच जमलं, जेवण तुटलं, झोप उडाली किंवा कुणाच्या वागण्याची भीती वाटली, तर तुला पाठवणाऱ्या संस्थेच्या तिथल्या समन्वयकाला त्याच दिवशी सांग. कुटुंब बदलून देणं हे त्यांच्या कामातच येतं.