नव्या घराच्या अंगणातला नळ सारखा गळतोय, प्लंबर न बोलावता दुरुस्त होईल का?

होईल, पण आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. घट्ट बंद करूनही तोंडातून टपटप चालू असेल तर आतला वॉशर गेलाय. मुठीच्या खालून झिरपत असेल तर तिथला नट पाव फेरा आवळा. बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं.

वॉशर बदलायचा तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या, मग पान्यानं वरचा स्पिंडल, म्हणजे मुठीसोबत फिरणारा दांडा, काढा. जुना वॉशर हार्डवेअरच्या दुकानात दाखवून तसाच मागा, अंदाजानं आणू नका. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुधा सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे अख्खा स्पिंडलच बदलतात. प्लॅस्टिकचा नळ असेल तर दुरुस्तीच्या नादी लागूच नका, सरळ पितळी बसवा.

भिंतीजवळच्या आट्यांतून गळत असेल तर नळ काढून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, आट्यांचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, नाहीतर बसवताना टेप सुटून येते. आणि जोर बेतानं लावा. बिल्डरनं आत प्लॅस्टिकचा एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, टाकला असेल तर तो तडकतो, मग भिंत फोडणं आलंच.