सही केलेला राजीनामा आणि उरलेली मुदत

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सहा वर्षं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर होतो. मी समलिंगी आहे हे कामावर कळल्यापासून पगारवाढ थांबली, मागून आलेली पोरं पुढं गेली. २०२४ च्या गणपतीनंतर ऑफिसात बसवून कन्नडमधल्या राजीनाम्यावर सही घेतली. कारण 'वैयक्तिक'. घरी काही माहीत नाही. भेदभावाची केस होईल का?

उत्तर: सगळ्यांचं म्हणणं एकच, २०१८ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला ना, मग? दिला. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. तुम्ही गुन्हेगार नाही, एवढं पक्कं. पण खासगी मालकाने लैंगिक कल बघून पगारवाढ अडवली तर त्याला थेट कोणत्या कलमाखाली धरायचं, याला सरळ उत्तर नाही. राज्यघटनेच्या कलम १५ मधली समानता मुख्यतः सरकारला बांधते. २०१९ चा कायदा ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आहे, आणि कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीत ठेवलेलं १ टक्का आरक्षणही त्यांच्यासाठीच. लैंगिक कलाचं नाव घेऊन भेदभावाला मनाई करणारा कायदा आहे, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवेचा. तो दवाखान्यात चालतो, कारखान्यात नाही.

तेव्हा भेदभावाचं तूर्त बाजूला ठेवा. तुमची केस राजीनाम्याची आहे.

दमदाटी करून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो, ती बडतर्फी असते, आणि चौकशीशिवाय बडतर्फी टिकत नाही. प्रश्न एवढाच की दमदाटी दाखवणार कशी? 'कन्नड वाचता येत नव्हतं' यावर फार विसंबू नका. सहा वर्षं बेळगावात नोकरी केलेल्या माणसाचं हे म्हणणं समोरचा वकील दोन प्रश्नांत उडवेल. चार पानी पत्राच्या शेवटच्या पानावर मात्र तुम्ही सहज लिहून गेलात: 'तिसऱ्या दिवशी मॅनेजरना व्हॉट्सॲपवर कळवलं की सही मनापासून नव्हती, राजीनामा धरू नका. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.' अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! राजीनामा मंजूर होण्याआधी तो मागे घेता येतो, आणि मंजुरीचं पत्र आपल्याला कधी मिळालंच नाही असं तुम्ही म्हणता. म्हणजे सगळी भिस्त या एका मेसेजवर. आणि ज्या फोनवर तो आहे, तो तुम्ही भावाला वापरायला दिलाय!

दुसरा घोळ मुदतीचा. नोकरी गेल्यापासून सहा महिन्यांत थेट कामगार न्यायालयात जायची सोय कर्नाटकात होती, ती तुम्ही घालवली. उरला समेट अधिकाऱ्याचा, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा रस्ता: आधी कामगार खात्यात अर्ज, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर न्यायालय. याची जास्तीत जास्त मुदत १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षं होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षं आहे. जुन्या बडतर्फीला कोणती लावायची यावर वकील खुशाल भांडतील, तुम्ही दोनच धरा. २०२६ च्या गुढीपाडव्याला तुमचं दीड वर्ष भरतं, उरलेल्या सहा महिन्यांतून ते ४५ दिवस वजा करा. 'विलंब माफ होईल' असं गावात कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. वेळेत गेलात तरी तारखांवर तारखा पडणारच, त्यात उशिराचा वाद कशाला वाढवता?

बाकीचं थोडक्यात. शेवटचा हिशेब घेऊन 'येणे बाकी नाही' असं लिहून दिलंत. त्याने केस संपत नाही, पण कमजोर होते. पीएफच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख कोणती टाकली आहे ते बघा. तुमच्या मेसेजच्या आधीची असेल तर राजीनामा आधीच मंजूर झाला होता असं मालक म्हणेल, आणि तो वाद तयारीने लढवावा लागेल. 'शिफ्ट इन्चार्ज' हे पद आणि २१ हजार पगार दाखवून तुम्ही कामगारच नव्हता असं मालक म्हणेल, कारण सुपरवायझरचा पगार १८ हजारांच्या वर गेला की संहिता त्याला कामगार धरत नाही. पण पाटीपेक्षा हातातलं काम बघतात. दिवसभर मशीनवर जॉब लावत होता, रजा मंजूर करायचा अधिकार नव्हता, हे सांगणारे दोन सहकारी शोधा. पगारातल्या फरकाचं म्हणाल तर वेतन संहिता लिंगावरून भेद करू नका म्हणते. त्यात लैंगिक कल बसवता येईल असा युक्तिवाद होऊ शकतो, पण मी त्यावर पैज लावणार नाही.

घरच्यांची काळजी कळते. अर्जात तुमच्या खासगी आयुष्याबद्दल एक शब्दही लिहायची गरज नाही. सही जबरदस्तीने घेतली, चौकशी केली नाही, भरपाई दिली नाही, इतकं पुरतं. मालक तो विषय उकरणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. पण त्याने उकरला, तर राजीनामा का घेतला ते त्याच्याच तोंडून बाहेर येईल, आणि हे त्याचा वकील त्याला आधीच बजावेल.

आज फोन परत घ्या. भावाला दुसरा द्या, पण हा फॉरमॅट करू नका, विकू नका. त्यातला मेसेज पुरावा म्हणून द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देईल. आणि अर्ज जाईपर्यंत त्या मॅनेजरला नवा मेसेज करू नका.