कित्तूरला घरच्यांना नेताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन कित्तूर, देगाव, नंदगड, हलशी एकाच दिवसात करायचं म्हणतोस. नको करू. दुपारी 3 नंतर गाडीतून कुणी उतरणार नाही. 2 रविवार काढ. पहिल्या रविवारी कित्तूर आणि देगाव, दुसऱ्याला खानापूरकडची नंदगड-हलशी.

बेळगावहून कित्तूर हायवेनं साधारण 50 किलोमीटर. न्याहारी करून साडेसातला निघालात तर ऊन चढायच्या आत किल्ला होतो. वस्तुसंग्रहालयाची वेळ आणि सुट्टी आदल्या दिवशी विचारून ठेव. ऑक्टोबरात कित्तूर उत्सव असतो, त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना नेऊ नकोस, गर्दीत बसायला जागा मिळत नाही.

आता महत्त्वाचं. सगळा इतिहास गाडीतच सांगून संपवू नकोस. लढाईच्या जागी बघायला फारसं काही नसतं, माती आणि गवत. गोष्ट आधीच संपली असेल तर पोरं 10 मिनिटांत कंटाळतात. दरवाजापाशी पोचलात की पहिला भाग सांग. 1824 साली राजे शिवलिंगरुद्र सर्जा वारले, ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांचा दत्तक वारस मानला नाही. 23 ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन याच किल्ल्यावर आला आणि मारला गेला. कुठून चाल आली असेल, हे पोरांनाच बोटानं दाखवू दे. डिसेंबरात कंपनी मोठ्या फौजेनिशी परत आली आणि किल्ला पडला, हे मात्र आत, पडक्या वाड्यात सांग. तिथे आवाज चढवायची गरज लागत नाही. कित्तूर लढवणाऱ्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत 1829 मध्ये गेल्या, समाधी तिथेच आहे.

फलक कन्नडमध्ये असतील. शाळेत कन्नड असलेल्या पोराला ते मोठ्यानं वाचून आजीला मराठीत सांगायला लाव. चन्नम्मा मराठी घरातल्या पोरांनाही आपली वाटली पाहिजे. सीमेचा वाद त्या दिवशी घरीच राहू दे.

देगाव तिथून जवळ आहे. कमलनारायण मंदिर 12 व्या शतकातलं, गोव्याच्या कदंब राजघराण्यातली राणी कमलादेवी हिनं बांधवलेलं. दुपारी फरशी तापते आणि अनवाणी पाय भाजतात, म्हणून प्रत्येकाचे जाड मोजे पिशवीत टाक. कोरीवकामाला हात लावू देऊ नकोस. तेलकट हातांनी दगड काळा पडतो. छतं बघताना मान अवघडते, आजोबांना घडीची खुर्ची ने. पाणी माणशी 2 लिटर, आणि भाकरी-झुणका घरचाच.

नंदगडला चन्नम्मांच्या फौजेतले लढवय्ये संगोळ्ळी रायण्णा यांना 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिली. तिथे अर्धा तास पुरे, पण शांतपणे उभे राहा. हलशीला मात्र निवांत वेळ ठेव. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. पोरांना मधोमध उभं कर आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघायला सांग. कदंबांची जुनी राजधानी पलाशिका ती हीच.

खानापूरकडे पाऊस दणकून पडतो. जून ते सप्टेंबर जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, आणि आजीची चप्पल पहिल्याच पायरीवर घसरेल. नोव्हेंबर ते जानेवारीत जा.